धुगधुगी

काका पडले तेव्हा घरात आम्ही सात जण होतो, आणि सातातला एकही जण स्वस्थ बसला नाही. थोरल्या वहिनींनी कांदा फोडून नाकाशी धरला. एकाने खिडक्या उघडल्या, दुसऱ्याने पंखा पाचवर नेला. शेजारच्या आजींनी चमच्याने तोंडात पाणी घालून पाहिलं, ते ओघळून उशीवर गेलं. मी आणि माझा मावसभाऊ त्यांच्या तळपायांना सुंठ चोळत होतो. जोर लावून, मन लावून. मधूनच काकांचा जबडा उघडे, घशातून घोरल्यासारखा मोठा आवाज येई आणि छाती एकदा हले. "धुगधुगी आहे अजून," कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही सुंठ आणखी जोरात चोळायला लागलो.

डॉक्टर आले ते बावीस मिनिटांनी. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारली, मनगट धरलं आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मधल्या काळात मला त्या आवाजाचा अर्थ कळला. हृदय अचानक बंद पडलं की मेंदूच्या तळाचा, श्वासाची सूत्रं सांभाळणारा भाग लगेच हार मानत नाही. तो काही मिनिटं अधूनमधून आचके देत राहतो. पाण्याबाहेर काढलेल्या माशाचं तोंड उघडतं-मिटतं, तसं. तो श्वास नव्हे, त्याने फुप्फुसात कामाची हवा जात नाही. हाका मारून, खांदे हलवून माणूस उठत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर तो आचका ही छाती दाबायला लागा अशी सूचना असते. आम्ही नेमका उलटा अर्थ लावला. आपल्या भाषेत धुगधुगी म्हणजे आशा. आणि आशा आहे म्हटल्यावर माणूस वाट बघतो.

गेल्या वर्षी मी तालुक्याच्या गावी एका शाळेच्या सभागृहात प्रथमोपचाराच्या एक दिवसाच्या वर्गाला बसलो. चाळीसेक माणसं होती: अंगणवाडी सेविका, दोन रिक्षावाले, एक पोहण्याच्या तलावावरचा मुलगा, बचतगटाच्या बायका. शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडम भूलतज्ज्ञ होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे या विषयाचा पाठपुरावा भूलतज्ज्ञांनीच जास्त केला आहे. त्यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ साली सामान्य माणसासाठी सोपी पद्धत आखून दिली. तोंडाला तोंड लावून श्वास देण्याची सक्ती त्यात नाही. नुसती छाती दाबायची. बुडालेल्या माणसाला किंवा लहान मुलाला श्वासही लागतो, तो देता येणाऱ्याने जरूर द्यावा. पण घरात, फलाटावर, लग्नाच्या मांडवात मोठं माणूस धाडकन कोसळलं तर दोन हात पुरतात.

सतरंजीवर कमरेपर्यंतचा एक पुतळा ठेवला होता. चेहरा मिटल्या डोळ्यांचा, काहीसा हसरा. या चेहऱ्याची गोष्ट मॅडमनी जेवणाच्या सुट्टीत सांगितली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पॅरिसमध्ये सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीचा तो मुखवटा, असं म्हणतात. तिची ओळख कधीच पटली नाही; मुखवट्याच्या प्रती मात्र युरोपभर घरांच्या भिंतींवर टांगल्या गेल्या. नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदाराने १९६० च्या सुमाराला सरावासाठी पहिला पुतळा घडवला तेव्हा त्याला हाच चेहरा दिला. त्याचा स्वतःचा लहानगा मुलगा एकदा बुडता बुडता वाचला होता. छाती दाबण्याची आजची पद्धतही एका इंजिनिअरच्या प्रयोगशाळेतून आली. अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम कोवेनहोवन हे विजेचे इंजिनिअर हृदयाला झटका देण्याच्या यंत्रावर काम करत होते. त्यांच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की यंत्राच्या जड तबकड्या कुत्र्याच्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी रक्तदाब वर चढतो. १९६० साली त्यांचा निबंध छापून आला. तेव्हापासून हे ज्ञान जगाला फुकट उपलब्ध आहे, आणि आमच्या घरी आम्ही सुंठ शोधत होतो.

माझी पाळी आली. दोन्ही स्तनाग्रांच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, खांदे बरोबर वर. पाच ते सहा सेंटिमीटर खाली. मिनिटाला १०० ते १२० वेळा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, नाहीतर हृदयात रक्त भरायला वावच मिळत नाही. मॅडमनी मोबाइलवर ठोक्यांचा आवाज लावला होता. एक बाई म्हणाल्या, "हा तर आरती शेवटाला आल्यावरच्या टाळ्यांचा ठेका." खरंच तसाच होता. पाऊण मिनिटात माझ्या कपाळावर घाम आला, दीड मिनिटात हात लटपटायला लागले. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, तो यासाठी.

"मॅडम, बरगडी मोडली तर?" रिक्षावाल्याने विचारलं.

"मोडू दे. बरगडी सांधते. मेंदू चार ते सहा मिनिटांनी जायला लागतो, तो सांधत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. हृदय थांबल्यावर काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता शेकडा सात ते दहाने घटत जाते. मी मनातल्या मनात बावीस मिनिटांचा गुणाकार केला आणि वही मिटली.

घरी येताना बसमध्ये एक गोष्ट डोक्यातून जाईना. आमचे हात पायांकडेच का गेले? सुंठ छातीलाही लावतात. पण काका घरातले वडीलधारे, आणि वडीलधाऱ्याच्या अंगाला आपला हात लागतो तो पायाला. पाया पडायचं, पाय चेपायचे, आजारपणात तळव्याला तेल चोळायचं. त्यांच्या छातीवर गुडघे टेकून, सगळ्या अंगाचा भार टाकून हाड चेपायचं, ही कल्पनाच आमच्या हातांना परकी होती. कुणी तसं केलं असतं तर आम्हीच त्याला ओढून बाजूला केलं असतं, "अरे, हे काय चालवलंयस?" म्हणून. बाई कोसळली तर हा संकोच दुप्पट होतो. बायकांची छाती दाबायला आजूबाजूचे लोक कचरतात हे परदेशातल्या अभ्यासांतूनही दिसलेलं आहे. आपल्याकडे माणुसकी कमी आहे असं मला मुळीच वाटत नाही. कुणी पडलं की क्षणात पन्नास माणसं धावतात. अडचण अशी आहे की पहिल्या दहा मिनिटांत जे करायला हवं ते दिसायला दांडगाईचं असतं, आणि जे करू नये ते सगळं मायेचं दिसतं. पाणी पाजणं मायेचं. उठवून बसवणं मायेचं. मांडीवर डोकं घेणं तर फारच मायेचं. बेशुद्ध माणसाची मान त्याने पुढे वाकते, जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट बंद होते.

ठसक्याचंच बघा. पोराला ठसका लागला की आजी टाळूवर थापट्या मारत म्हणते, "वर बघ, चिमणी उडाली." पोर खोकत असेल, रडत असेल, तोवर चिमणी बिनधास्त उडवावी, खोकल्याइतकं चांगलं औषध त्या वेळी दुसरं नाही. पण दिवाळीचे दिवस म्हणजे सीताफळाचे दिवस. ती काळी, गुळगुळीत बी, फराळातले शेंगदाणे, देवापुढची सुपारी, फुटलेल्या फुग्याचा तुकडा. यातलं काही श्वासनळीच्या तोंडाशी बसलं की खोकला येत नाही, आवाज येत नाही, रडूही येत नाही. पोर गळ्याशी हात नेतं आणि नुसतं बघतं. तेव्हा घशात बोट घालायचं नाही. बोटाने बी आत जाते. मागे उभं राहून त्याला पुढे वाकवायचं आणि दोन खवाट्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच सणसणीत रट्टे द्यायचे. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ लावायची आणि आत-वर असे पाच हिसके. पुन्हा रट्टे, पुन्हा हिसके. पोटाचा हा हिसका हेन्री हाइमलिक या अमेरिकी शल्यविशारदाने १९७४ साली मांडला. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटाला मात्र हात लावायचा नाही. त्याला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा; मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. गरोदर बाईलाही पोटाऐवजी छातीवरच दाब द्यायचे. माणूस निपचित पडला तर छाती दाबायला सुरुवात.

सापाची गोष्ट निराळी, तिथे मुख्य काम न करण्याचं आहे. रायगड जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात मी भातकापणीच्या दिवसांत दोन रात्री काढल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका बाईला मोटारसायकलवर मधे बसवून आणलं. पुढे दीर, मागे नवरा. उजव्या घोट्याजवळ दोन ठिपके. त्यांच्या वर तीन आवळपट्ट्या होत्या: एक सुतळी, एक शर्टाची फाडलेली बाही, एक परकराची नाडी. पाय वांग्यासारखा झाला होता. जोडवी बोटात रुतली होती. सिस्टरने आधी जोडवी काढायला घेतली. डॉक्टरांनी पट्ट्यांना लगेच कात्री लावली नाही. आवळून धरलेलं विष पट्टी सुटताच एकदम अंगात धावू शकतं, म्हणून सलाईनची सोय आणि औषधं हाताशी आल्यावर एकेक करून त्यांनी त्या सोडवल्या.

मग दंडातून दोन मिलिलिटर रक्त काढलं, कोरड्या काचेच्या नळीत घातलं आणि नळी खिडकीच्या कठड्यावर स्टँडमध्ये उभी केली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सिस्टरने मनगटावर पेनाने वेळ लिहिली. वीस मिनिटं नळीला कुणी हात लावायचा नाही, हलवायचं नाही. बाहेर नवरा विचारत होता, "औषध का देत नाही?" वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी एकदा तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. घोणस किंवा फुरसं. त्यांचं विष रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवतं. पहिल्याच खेपेला प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या लागल्या. एवढ्या मोठ्या निदानाला लागलं काय, तर एक स्वच्छ काचेची नळी आणि एक घड्याळ.

"माझं निम्मं काम त्या नाड्या सोडवण्याचं असतं," डॉक्टर चहा घेताना म्हणाले.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप, आणि प्रतिसर्पविष या चौघांवर मिळून एकच असतं. मुंबईच्या हाफकिनचं नाव त्याच्याशी कित्येक दशकं जोडलेलं आहे. म्हणजे कुठला साप हे ठरवायला साप मारून पिशवीतून आणायची गरज नाही. त्या नादात दुसऱ्यालाही दंश होतो. भगताचा मंत्र का 'लागू पडतो' याचंही उत्तर साधं आहे. धामण, दिवड, नानेटी, कवड्या हे बिनविषारीच जास्त चावतात, आणि विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो. तो माणूस कसाही वाचणारच असतो, श्रेय भगताला जातं. कवड्या आणि मण्यार तर अंधारात ओळखूही येत नाहीत. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याचं पहाटे असं झालं तर साप मनात आणावाच.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतली बरीचशी दवाखान्याच्या वाटेवर किंवा वाटेला लागण्याआधीच. करायचं ते इतकंच: माणसाला चालवायचं नाही, पळवायचं नाही. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, जोडवी काढायची. दंशाचा हात-पाय फळी किंवा काठी लावून हलणार नाही असा सैल बांधायचा. कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, आवळायचं नाही. आणि प्रतिसर्पविष आहे त्या दवाखान्याकडे सरळ निघायचं, वाटेतल्या कुठल्याही देवळाशी न थांबता.

याच रायगडात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर विंचवाच्या दंशाने माणसं मरताना बघत होते. तांबडा विंचू चावलेला रुग्ण घामाने भिजतो, हातपाय गार पडतात, आणि फुप्फुसात पाणी भरून जातो. त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्री जागवून हा क्रम टिपला आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यावर वापरली. शंभरातले तीस-चाळीस दगावत, तिथे ते प्रमाण एक-दोनावर आलं. 'लॅन्सेट'ने ते छापलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी मात्र वेळेत पोटात जावी लागते. विंचू चावला म्हणून रात्रभर ओव्याची धुरी देत बसणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

बाकीचं भराभर सांगतो. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, घड्याळ लावून. टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस, हळद यातलं काही नाही. ते काढताना डॉक्टरांना कातडी सोलावी लागते. फटाक्याने भाजलं तरी हेच. फीट आलेल्याच्या हातात चावी, नाकाला चप्पल, दातांत चमचा हे तिन्ही प्रकार निरुपयोगी, चमचा तर घातकच. आजूबाजूच्या वस्तू दूर करा, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर थेट दवाखाना. शॉक लागलेल्याला आधी हात लावू नका, मेन स्विच बंद करा; शेतात तुटलेल्या तारेच्या जवळही जाऊ नका. कुत्रं चावलं तर जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. तिखट, चुना नको. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. रक्ताची धार लागली असेल तर स्वच्छ फडकं ठेवून जोरात दाबायचं आणि दाबलेलं उचलून पाहायचं नाही. भिजलं तर त्यावर दुसरं फडकं.

छातीत दुखतंय, डाव्या हाताला कळ जातेय, घाम फुटलाय, तर 'गॅस झाला असेल' हे वाक्य घरातून हद्दपार करावं. ओवा-काळं मीठ खाऊन, थोडं पडून बघू, यात किती माणसं गेली असतील. ॲस्पिरिन वर्ज्य नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायची आणि निघायचं. जिना स्वतः उतरायचा नाही, गाडी स्वतः चालवायची नाही. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतंय, तर पक्षाघात. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांचीच मुदत असते, म्हणून लक्षण कधी सुरू झालं ती वेळ कागदावर लिहून न्यायची.

आणि १०८. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली, गाडीत डॉक्टर असतो. तरी आमच्या घरी त्या दिवशी पहिले तीन फोन गेले ते नातेवाइकांना, चौथा ओळखीच्या डॉक्टरांना. फोन लावा, स्पीकरवर ठेवा, आधी पत्ता सांगा: गाव, वाडी, जवळची खूण. मग काय झालंय ते. एक माणूस रस्त्यावर उभा करा, कारण आपल्या वाड्यांची नावं नकाशावर नसतात.

रस्त्यावरच्या अपघातात मदत करायला लोक अजूनही पोलिसांच्या भीतीने बिचकतात. ती भीती जुनी आहे आणि अगदीच खोटी नव्हती. पण ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या नियमांवर शिक्कामोर्तब केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, थांबवून ठेवता येत नाही, पैसे मागता येत नाहीत. फक्त मान आणि पाठ वाकडी होईल असं जखमीला हातापायांना धरून उचलू नका. गाडी पेटायचा धोका नसेल तर आहे तिथेच राहू द्या.

काकांच्या घरी सुंठेची डबी अजून फळीवर आहे, चहात लागते. मी मात्र त्या घरी एक रिवाज सुरू केलाय. भाऊबीजेला सगळे जमतात तेव्हा फराळाआधी बैठकीतला कापूस ठासून भरलेला जुना लोड जमिनीवर घ्यायचा आणि प्रत्येकाने दोन मिनिटं दाबायचा. पहिल्या वर्षी पोरं हसली, वहिनी लाजल्या. या वर्षी नववीतल्या पुतणीने मला बाजूला सारून सांगितलं, "काका, कोपर वाकतंय तुमचं." तुमच्याही घरात लोड असेल. तो घ्या, घड्याळ लावा, मिनिटाला शंभरच्या वर मोजा. दम लागला की जागा पुढच्याला द्या, आणि घरातल्या सर्वांत लाजऱ्या माणसाची पाळी चुकवू नका.